ओकीबोकी कॉट

रिकामा पाळणा हलवू नये, बाळाच्या पोटात दुखतं. सातारा-सांगलीकडच्या घरांत हे वाक्य अशा ठसक्यात म्हटलं जातं की का म्हणून विचारायची कुणाची छाती होत नाही. पाळणा गेला, त्याच्या जागी गजांची लाकडी कॉट आली, तरी भीती घरातच राहिली. कॉट हलत नाही, मग निदान ती रिकामी तरी दिसू द्यायची नाही. बारशाला आलेलं सगळं तिच्यात जातं: ससा, अस्वल, सॅटिनची फुगीर रजई, दोन अंगांना दोन लोड, गजांना बांधायची कापूस भरलेली झालर, वर लोंबणारं चिमण्यांचं खेळणं. या दुकानात बाळाला जागा उरते ती काऊंटरपुढच्या गिऱ्हाईकाएवढी.

बाळाला मात्र पहिलं वर्षभर ओकीबोकी कॉटच लागते. घट्ट सपाट गादी, तिच्यावर ताणून बसवलेली चादर आणि उताणं बाळ. बास.

पहिल्या तीन-चार महिन्यांत बाळाला तोंडावर आलेलं कापड बाजूला सारता येत नाही. मऊ वस्तूत नाक रुतलं की ते रडेलच असंही नाही. आपणच सोडलेला श्वास पुन्हा आत घेत राहतं, प्राणवायू कमी होत जातो आणि खोलीत कसलाही आवाज होत नाही. १९९४ साली अमेरिकेत बाळांना उताणं झोपवण्याची मोहीम निघाली आणि पुढच्या काही वर्षांत झोपेतल्या अचानक मृत्यूंचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. कॉटच्या फुगीर झालरी विकायला तिथं २०२२ च्या कायद्यानं बंदी झाली. आपल्याकडं झालर अजून भेटवस्तूंच्या सेटमध्ये मानानं बसलेली असते.

तिच्याही आधी मान असतो मोहरीच्या उशीला. डोकं गोल व्हावं म्हणून कापडी पिशवीत मोहरी भरायची आणि त्यावर बाळाला ठेवायचं. हेतू चांगला, उशी वाईट. डोकं उचललं गेल्यानं हनुवटी छातीकडं झुकते आणि श्वासाची वाट चेमटते. बाळानं मान वळवली की नाक उशीच्या खळग्यात जातं. शिवण उसवली तर मोहरी नाकाकानात. डोकं एका बाजूनं चपटं होऊ नये यासाठी बाळ जागं असताना, कुणीतरी समोर बसून, दिवसातून अनेकदा थोडा थोडा वेळ त्याला पालथं ठेवावं. शिवाय बाळ उजेडाकडं किंवा दाराकडं मान वळवतं, म्हणून त्याचं डोकं आज कॉटच्या या टोकाला, उद्या त्या टोकाला करावं. मोहरी फोडणीत घालावी.

कुंचीचंही तसंच. साताऱ्यात डिसेंबरच्या पहाटे गारठा असतो हे खरं, पण झोपेत कुंचीची नाडी गळ्याशी येते, आणि बाळ अंगातली बरीचशी उष्णता डोक्यावाटेच बाहेर टाकतं. हातपाय गार लागले म्हणून घाबरू नये. ते गारच असतात. छातीला किंवा मानेमागं हात लावून बघावं. तिथं घाम असेल तर एक कपडा काढायचा. गळ्यातला काळा दोरा आणि ताईत झोपेपुरता काढून ठेवावा, मण्यांच्या मनगट्याही. वरचं चिमण्यांचं खेळणं बाळ हातांवर रेटून उठायला लागलं की, म्हणजे पाचव्या महिन्याच्या आसपास, उतरवायचंच.

कॉट गावच्या सुताराकडून करून घ्यायची असेल तर दोन गजांमधलं अंतर सहा सेंटिमीटरच्या आत ठेवायला सांगावं. लाकूड वाचवायला सुतार गज लांब लांब मारतो. मग बाळाचं अंग त्या फटीतून सरकतं आणि डोकं अडकतं. गादी आणि कॉटच्या कडेमध्ये दोन बोटांपेक्षा जास्त फट नको. कापसाची गादी भरून घेताना गादीवाल्याला घट्ट भरायला सांगावी. तळवा दाबून उचलला की खड्डा लगेच भरून आला पाहिजे. वापरून मध्ये द्रोण झालेली गादी पिंजून पुन्हा भरल्याशिवाय वापरू नये.

मग बाळाला धीर कशाचा? नाकाचा. जन्मल्यावर आठवड्याभरात बाळ आपल्या आईच्या दुधाचा वास ओळखतं. म्हणून कॉटची धुतलेली चादर आईनं एक रात्र स्वतःच्या अंगाखाली घ्यावी आणि मग गादीवर चढवावी. वास कॉटमध्ये येतो, सुटी वस्तू एकही येत नाही. चादर चारी बाजूंनी गादीखाली वीतभर तरी जावी, किंवा कडेला इलास्टिक असावं. मधोमध चिमटीत धरून ओढून बघायचं. कोपरा निसटला तर ती चादर बाद. बाकी पंख्याची घरघर, रोज तीच अंगाई, त्याच क्रमानं दूध, ढेकर आणि दिवा बारीक करणं. आवाजाचं यंत्र आणलंच असेल तर कॉटपासून दोन मीटर लांब आणि अगदी हळू.

आणि जागेपणी मुठीत धरायला फडकं. दुकानातल्या ससुल्याला त्याची सर नाही.

ते जुन्या सुती पातळाचं करावं. पन्नास-साठ धुण्यांत खळ गेलेली असते, रंग सुटायचा तेवढा सुटलेला असतो. पण पातळ पेटीतलं असेल तर आधी वास घ्यावा. डांबरगोळ्यांचा वास आला तर ते बाळासाठी घेऊच नये. काही बाळांमध्ये जन्मतः एका विकराची (एन्झाइमची) कमतरता असते, आणि या गोळ्यांमधल्या नॅफ्थलीननं त्यांच्या तांबड्या पेशी फुटून कावीळ होते. आपलं बाळ त्यातलं आहे की नाही हे चेहऱ्यावर लिहिलेलं नसतं. आजीचं लुगडं कितीही लाडाचं असो, रोजच्या दांडीवरचं पातळ बरं.

जरीचा काठ आधी कापून टाकायचा. जर टोचते आणि तिच्या तारा सुटतात. चौकोन सत्तावीस सेंटिमीटरचा काढला, चारी बाजूंनी दुहेरी घडी घालून बारीक टीप मारली की पंचवीसचा, मोठ्या हातरुमालाएवढा उरतो. याहून मोठं झालं की मानेभोवती गुंडाळण्याइतकं होतं. कापड एकपदरीच ठेवावं. आपल्या नाकातोंडावर धरून दहा श्वास घ्यावेत, जरा जरी दम लागला तर कापड जाड आहे. टिपेचे दोरे लोंबते ठेवू नयेत. सुटा दोरा बाळाच्या बोटाला गुंडाळला जातो, बोट सुजून निळं पडेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. लेस, बटण, घुंगरू, टिकली काही नको. एका कोपऱ्याला गाठ मारायची, चघळायला. दात येताना त्या गाठीची किंमत कळते.

आणि असे दोन तुकडे करायचे. लंडनचे बालरोगतज्ज्ञ डोनाल्ड विनिकॉट यांनी १९५३ साली या लाडक्या चिंध्यांवर लिहिलं. चार ते बारा महिन्यांच्या दरम्यान मूल अशी एखादी वस्तू स्वतःच निवडतं, आणि आई ती धुवायला बिचकते, कारण धुतली की मुलासाठी ती तीच राहत नाही, असं त्यांचं निरीक्षण. बाळंतघरातल्या बायकांना हे पटेल, पण धुणं काही टळत नाही. दोन तुकडे पहिल्या दिवसापासून आलटून पालटून, तीन-तीन दिवस वापरले की दोन्हींना सारखाच वास लागतो. साधा साबण, भरपूर पाणी. सुगंधी द्रावण नको. जतला कापड तासाभरात वाळतं, दोन पुरतात. जावळी-महाबळेश्वरच्या पावसात चार दिवस ओलंच राहतं, तिथं तीन करावेत. दुसरा तुकडा पहिला हरवल्यावर कापायला घेऊ नये. नव्या फडक्याला बाळ परक्या पाहुण्यासारखं वागवतं.

वर्षभर हे फडकं कॉटबाहेरचं. पाजताना आईच्या खांद्यावर, जागेपणी बाळाच्या मुठीत, डोळे मिटले की मुठीतून अलगद सोडवून घ्यायचं. वर्ष उलटलं की तेच फडकं कॉटमध्ये रात्रीही चालतं. खेळणं द्यायचंच असेल तर तेही तेव्हाच: तळहाताएवढं, डोळे दोऱ्यानं भरलेले, आत मणी किंवा दाणे नसलेलं. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआयचं चिन्ह सक्तीचं आहे, पण जत्रेतल्या पालावर ते दिसेलच असं नाही. सुटून येणारा भाग सुमारे ३२ मिलिमीटर रुंदीच्या नळीत मावला की तो तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशातही मावतो, हे लक्षात ठेवून ओढून बघावं. मोठं अस्वल मात्र आणखी काही काळ कपाटावरच. मूल उभं राहायला लागलं की त्याच्यावर पाय देऊन कॉटबाहेर येतं.

राहता राहिली आजी. तिला ओकीबोकी कॉट बघवत नाही, आणि भीती नियम सांगून जात नाही. फडकी दोन आहेत, त्यांतून वाट निघते. बाळ मांडीवर असलं की घडी केलेलं फडकं कॉटमध्ये, मधोमध. बाळ निजवायला आणलं की आधी फडकं उचलून आजीच्या खांद्यावर, मग बाळ गादीवर. कॉट कधी रिकामी राहत नाही, आणि बाळाशेजारी कधी काही राहत नाही.