चार आधारांवर टिकलेली संयुक्त संख्या

तपासणीसाठी आलेला प्रोग्राम साधा होता: पूर्ण संख्या द्यायची, तिचं वर्गीकरण मिळवायचं. मी ३,२१,५०,३१,७५१ ही संख्या दिली आणि उत्तर आलं, ‘मूळ संख्या, एकूण विभाजक २’. प्रत्यक्षात ती १५१, ७५१ आणि २८,३५१ यांचा गुणाकार आहे.

आत मिलर-राबिन ही संख्या मूळ आहे का ते पाहणारी चाचणी होती; ती ज्या संख्यांचे घात घेऊन तपासते ते आधार होते २, ३, ५, ७. आपल्या संख्येला ‘न’ म्हणू. न−१ ला २ ने एकदाच भाग जातो आणि १,६०,७५,१५,८७५ ही विषम संख्या उरते. आधाराचा तेवढा घात घेऊन न ने भागायचं. बाकी १ किंवा न−१ आली की संख्या उत्तीर्ण. इथे २ आणि ५ ला बाकी १ येते, ३ आणि ७ ला न−१.

असं का होतं? अवयवांतून एकेक वजा केला की १५०, ७५० आणि २८,३५० मिळतात, आणि न−१ ला या तिन्हींनी निःशेष भाग जातो. म्हणजे ही कार्मायकल संख्या. न शी सामाईक अवयव नसलेल्या कुठल्याही आधारावर ती फर्माच्या चाचणीत (आधाराचा न−१ वा घात न ने भागून बाकी १ येते का, एवढंच पाहणाऱ्या) मूळ भासणारच. मिलर-राबिन त्याहून कडक आहे. तिथे या संख्येच्या प्रत्येक अवयवापुरती बाकी +१ किंवा −१ (म्हणजे त्या अवयवाहून एकने कमी) येते, आणि तिन्ही अवयवांचं चिन्ह एकच निघालं तरच संख्या निसटते. पहिल्या चारही आधारांवर नेमकं तेच घडतं.

११ वर मात्र फूट पडते: १५१ साठी +१, उरलेल्या दोघांसाठी −१. एकूण बाकी येते २,१२,९१,६०,०९९. तिच्यातून १ वजा करून न शी मसावि काढला की थेट १५१ हाती लागतो. नापास होणारी चाचणीच अवयव देऊन जाते, हे मला फार सुंदर वाटतं.

२५ अब्जांच्या आत या चारही आधारांवर टिकणारी संयुक्त संख्या ही एकटीच, हे पोमरन्स, सेल्फ्रिज आणि वॅगस्टाफ यांनी १९८० मध्ये दाखवलं. त्यामुळे यादृच्छिक संख्या टाकून हा दोष सापडण्याची आशा धरू नये. ही संख्या चाचणीसंचात नावानिशी हवी.

आणखी एक खाच. घात काढताना बाक्यांचे वर्ग करावे लागतात, आणि न−१ चा वर्ग सुमारे १.०३ गुणिले १० चा १९ वा घात इतका होतो. चिन्हासहित ६४ बिटांत तो मावत नाही, चिन्हरहित ६४ बिटांत मावतो. पहिल्या प्रकारात बाकी बिघडते आणि ही संख्या योगायोगाने ‘संयुक्त’ ठरू शकते; पण मग तेवढ्याच आकाराच्या खऱ्या मूळ संख्याही नाकारल्या जातात.

दुरुस्ती सोपी आहे. ३२ बिटांपर्यंत २, ७, ६१ हे आधार पुरतात. ६४ बिटांसाठी २ ते ३७ या बारा मूळ संख्या घ्याव्यात. आधी २०० पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहणंही चांगलं, पण प्रोग्राम तपासताना तो टप्पा बंद ठेवावा. नाहीतर १५१ तिथेच सापडतो आणि आधारांची उणीव झाकली जाते.

योग्य नोंद अशी: संयुक्त, वर्गमुक्त (एकही मूळ अवयव दोनदा न येणारी), कार्मायकल; एकूण विभाजक ८, त्यांची बेरीज ३,२४,०७,४७,००८. स्वतःला वगळून विभाजकांची बेरीज २,५७,१५,२५७, म्हणून न्यून संख्या.