तुम्ही विचारलंत म्हणून: गोळीत संशोधन कसलं?

सांगलीत फार्मसी कॉलेजात शिकवते म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "शेवटी मेडिकल दुकानच टाकायचं ना? मग बी.फार्म.ला ४ वर्षं शिकतात काय, आणि वर संशोधन कसलं?" परवा मार्केट यार्डात एका अडत्यांनी हेच विचारलं. समोर राजापुरी हळदीची रास होती, म्हणून हळदीपासूनच सुरुवात केली.

सांगलीच्या हळदीला २०१८ साली जीआय मानांकन मिळालं. तिचा पिवळेपणा कर्क्युमिनचा. त्याच्या औषधी गुणांवर जगभर काम चाललंय, पण हा पदार्थ मोठा हट्टी. पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, आणि आतड्यातून थोडाफार आत गेला तर यकृत लगेच त्याचं रूप पालटून त्याला बाहेरची वाट दाखवतं. बंगळूरच्या संशोधकांनी १९९८ साली २ ग्रॅम कर्क्युमिनसोबत मिरीतलं पिपेरिन, तेही फक्त २० मिलिग्रॅम, माणसांना देऊन पाहिलं. रक्तात पोचणारं प्रमाण सुमारे २० पटींनी वाढलं.

"मग मिरी घालूनच खातो की!" अडते म्हणाले. मी त्यांना तिथेच थांबवलं. पिपेरिन यकृताचं जे काम मंदावतं, त्याच कामावर इतर काही औषधांचाही निचरा अवलंबून असतो. रोजच्या गोळ्या चालू असतील तर हळद-मिरीच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. आमटीतल्या हळदीची गोष्ट वेगळी.

आमचे एम.फार्म.चे विद्यार्थी अशाच हट्टी औषधांना विरघळवायच्या खटपटीत असतात. कुणी कण बारीक करतं, कुणी त्यांना स्निग्ध पदार्थात गुंडाळतं. मग ३७ अंशांवर ठेवलेल्या ९०० मिलिलीटर द्रवात गोळी सोडायची, आत वल्हं फिरत ठेवायचं आणि ठरल्या मिनिटाला नमुना काढायचा. गोळीतलं औषध किती वेळात सुटतं, हे तिथे कळतं.

हे माझ्या मनाला इतकं का लागतं, तेही सांगते. माझ्या आजीला ब्लडप्रेशरची गोळी गिळवत नसे. आई ती खलबत्त्यात कुटून गुळातून द्यायची. गोळीच्या नावापुढे 'एसआर' होतं, म्हणजे औषध तासन्‌तास हळूहळू सुटावं अशी तिची बांधणी. कुटल्यावर ती बांधणीच मोडते आणि दिवसभराचं औषध एकदम अंगात जातं. एका सकाळी आजी न्हाणीच्या दारात चक्कर येऊन पडली. आईनं काळजीपोटीच कुटली होती. दुकानात पट्टी मिळाली, पैसे घेतले गेले, पण एक शब्द कुणी बोललं नाही.

२०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांत रुग्णाला समजावून सांगणं हे फार्मासिस्टचं काम म्हणूनच लिहिलंय. तेव्हा हो, माझ्या विद्यार्थ्यांनी दुकानं टाकलीत, विट्याला, जतला, मिरजेत. मला त्याचा आनंदच आहे. निघताना प्रत्येकाकडून मी एकच कबूल करून घेते: म्हाताऱ्या माणसासाठी कुणी एसआर गोळी न्यायला आलं, तर पट्टी हातात देण्याआधी विचारायचं, "त्यांना गोळी अख्खी गिळता येते ना?"