अंगठ्याखालची संख्या

दुपारी कामात मन लागेनासं झालं की मी कागदाच्या कोपऱ्यात 73939133 असं लिहितो. सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहतीस. ही मूळ संख्या आहे. शेवटच्या तीनावर अंगठा ठेवला की उरते 7393913, तीही मूळ. अंगठा आणखी सरकवला तर 739391, मग 73939, 7393, 739, 73, आणि शेवटी एकटा 7. सगळ्या मूळ!

लहानपणी घरातले सगळे दुपारी झोपले की दिसेल त्या संख्येच्या अंकांची बेरीज करून तीनाने भाग जातो का, हे बघायचा मला नाद होता. तीन गेला नाही की पुढे सात. सातावर माझा अजून राग आहे. त्याची म्हणून जी कसोटी शिकवतात, तिच्यापेक्षा सरळ भागाकार केलेला बरा.

तर, अशी संख्या उजवीकडे वाढवत न्यायची तर जोडायला फक्त 1, 3, 7 आणि 9 मिळतात; बाकीचे अंक दोनाच्या नाहीतर पाचाच्या तावडीत सापडतात. त्यातही सातापासून निघालं तर 1 किंवा 7 एकूण एकदाच वापरता येतो, दुसऱ्यांदा वापरला की बेरीज तीनाच्या पाढ्यात. आपल्या संख्येनं तो एक जपून ठेवून सहाव्या जागी वापरला आहे. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मला तिचं भारी कौतुक वाटलं. नंतर उरतात 3 आणि 9. पण आठ अंकांनंतर तेही चालत नाहीत, दोन्हींना कोणी ना कोणी भागतंच. या जातीच्या एकूण 83 संख्या आहेत आणि त्यांत हीच सर्वांत मोठी.

डावीकडून अंक खोडत जायचे म्हटलं तर मात्र असल्या, शून्य नसलेल्या 4260 संख्या सापडतात, आणि त्यांतली सर्वांत मोठी आहे 357686312646216567629137. चोवीस अंकी. डावीकडे नऊही अंक लावायची मुभा असते, म्हणून एवढी चैन. मला तिच्याबद्दल विशेष प्रेम नाही. अंगठा सरकवता सरकवता चहा गार होतो.

गणितातले गंभीर लोक असल्या गोष्टींना करमणूक म्हणतात, आणि त्यांचं बरोबर आहे. 73939133 ला एक आणि ती स्वतः सोडून कोणी भागत नाही, हे कुठल्याही पद्धतीनं लिहिलं तरी खरंच राहतं. पण अंगठ्याचा खेळ आपण दहा-दहांनी मोजतो म्हणून जमतो. बारा-बारांनी मोजत असतो तर हिच्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नसतं, दुसरीच कोणीतरी लाडकी झाली असती. असो. आहेत ती दहा बोटं आहेत.