माद्रिदमधली क्वितोची फळं

माद्रिदला गेलेली बहुतेक मंडळी प्रादो हे कलासंग्रहालय बघून परत फिरतात. आम्ही मात्र मेट्रोने मोंक्लोआला उतरून म्युझेओ दे अमेरिका, म्हणजे अमेरिका खंडाचं संग्रहालय, गाठायला सांगू. सोमवारी बंद असतं, तेवढं सांभाळा.

तिथे विसेंते आल्बानची 1783 सालची सहा तैलचित्रं आहेत. आल्बान क्वितोचा, म्हणजे आजच्या इक्वादोरचा. प्रत्येक चित्रात एखाद-दुसरी व्यक्ती आणि आजूबाजूला तिथली झाडं-फळं: दागिन्यांनी मढलेली बाई आणि तिची गुलाम स्त्री, पिसांचा पोशाख केलेला युम्बो (तिथल्या मूळ रहिवाशांपैकी) शिकारी, ओझं वाहणारा दुसरा युम्बो.

आधी चेहऱ्यांकडे बघू नका, फळांपासून सुरुवात करा. एकच फळ फांदीला लागलेलं, खाली अख्खं ठेवलेलं आणि चिरून गर-बिया दाखवलेलं, असं सगळं एकाच वेळी दिसतं. आकारही अवाढव्य. प्रमाण चुकलंय असं वाटतं, पण तसं नाही. हे दिवाणखान्यात टांगायचं चित्र नव्हे. फळ नीट ओळखता यावं हा हेतू. वनस्पतिशास्त्रज्ञ मुतिस यांच्यासाठी ही मालिका काढली गेली असावी, असं अभ्यासक मानतात. त्यांची सरकारी वनस्पती मोहीमही 1783 चीच. पुढे चित्रं माद्रिदच्या राजेशाही निसर्गसंग्रहात होती.

पपई, अननस ओळखायला आपल्याला पाटी लागत नाही. दोन्ही मूळची अमेरिका खंडातलीच, पोर्तुगिजांमुळे आपल्याकडे आलेली. बाकीच्यांसाठी चित्रावरची सूची वाचा. फळाशेजारी बारीक अक्षर असतं, त्याचं नाव सूचीत. जुन्या स्पॅनिशमध्ये ‘इंदियो’ हा शब्द ‘आय’ऐवजी ‘वाय’ने सुरू होतो, तिथे अडायला होतं. समोरून वार्निश चमकत असेल तर थोडं बाजूला सरका. फ्लॅश न वापरता फोटो काढून झूम करा.

सूचीत ‘ए’ शोधा. ते फळ नाही, माणूस आहे. पपईला ‘बी’ किंवा ‘सी’, तसा माणसाला ‘ए’. पुढे जात, दर्जा, पोशाख. नाव कुणाचंच नाही. गुलाम स्त्रीला तर स्वतंत्र ओळही नाही, ती मालकिणीच्याच ओळीत ‘तिची’ म्हणून येते. चित्रकाराचं कसब वादातीत आहे, पण ही नोंदवही आहे हे विसरून फक्त रंगांचं कौतुक करणं आम्हाला जमत नाही.

अमेरिकेतल्या मराठी मंडळींना माद्रिद लांब पडत असेल, तर लॉस एंजेलिसच्या काउंटी म्युझियमकडे आल्बानची अशीच दोन चित्रं आहेत. ती सध्या भिंतीवर आहेत का, हे आधी विचारून घ्या.