वुडन वही, नोंद 9: जिमरची ओळ पुन्हा खोडली

वुडन पुरस्कार म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलमधल्या वर्षाच्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, आणि तो घेतलेल्यांचं पुढे व्यावसायिक खेळात काय झालं याची ही वही. त्यातली 2011 चा विजेता जिमर फ्रेडेटची ओळ काल रात्री मी चौथ्यांदा खोडली. पेन्सिलीने लिहितो म्हणून निभावलं, पण 2011 चं ते पान खोडरबराने इतकं झिजलंय की मागच्या पानावरचा इव्हान टर्नर आरपार दिसायला लागलाय. आणि त्याच बैठकीत, पहाटे दोनच्या सुमाराला, गेले सहा आठवडे शोधत होतो तो रकाना सापडला. तो सांगण्यासाठीच ही नोंद, पण आधी जिमर.

मोजणी पक्की झाली आहे हे एकदा नोंदवतो. 1977 च्या मार्केस जॉन्सनपासून 2025 च्या कूपर फ्लॅगपर्यंत 49 वुडन पुरस्कार. राल्फ सॅम्पसन आणि झॅक ईडी यांनी तो दोनदा घेतला, म्हणून नावं 47. त्यातले 13 जण ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक संघ नवे खेळाडू क्रमाने निवडतात तिथे) पहिल्या क्रमांकावर गेले. अकरा जणांना एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये, पहिल्याच हंगामाचा रूकी ऑफ द इयर (सर्वोत्तम नवखा) मिळाला (एल्टन ब्रँडला 2000 मध्ये स्टीव्ह फ्रान्सिसबरोबर विभागून). एमव्हीपी, म्हणजे हंगामातला सर्वोत्तम खेळाडू, झाले फक्त पाच: बर्ड, जॉर्डन, डेव्हिड रॉबिन्सन, डंकन, ड्युरंट. मागच्या नोंदीत मी सहा लिहिलं होतं, ती चूक होती. ज्यांनी कळवलं त्यांचे आभार.

संगणकावरच्या तक्त्याचा मात्र या वेळी पुरता विचका झाला. ड्राफ्टचा क्रमांक मी फेरी-क्रमांक असा लिहीत होतो. जेलन ब्रन्सन दुसऱ्या फेरीत तिसरा, म्हणून 2-3. डॅनी एंज दुसऱ्या फेरीत आठवा, म्हणून 2-8. तक्त्याने त्याच्या मुकाट तारखा केल्या. ब्रन्सनपुढे 2 मार्च, एंजपुढे 2 ऑगस्ट, रेडिकपुढे 1 नोव्हेंबर. सरासरी काढायला गेलो तर उत्तर चाळीस हजारांच्या पुढे. सगळा रकाना हाताने पुन्हा भरावा लागला. आता सरळ 33, 31, 11 असे एकूण क्रमांक लिहितो, आणि रकाना आधीच ‘मजकूर’ करून ठेवतो. नवीन कुणी असा तक्ता सुरू करत असाल तर पहिल्या दिवशीच हे करा. मूळ नोंद कागदावर होती म्हणून सहा आठवड्यांचं काम वाचलं. लांब रेघांचं बाइंडिंग केलेलं रजिस्टर अजूनही माझं सगळ्यांत भरवशाचं साधन आहे.

आता जिमर. वहीत तीन शिक्के आहेत: ‘टिकला’ (एनबीएत दीर्घकाळ खेळला), ‘तरला’ (जेमतेम निभावलं), ‘सुटला’ (लवकर बाहेर पडला). दुखापतींसाठी वेगळी लाल खूण. जे विल्यम्सची ओळ अवघड वाटली होती, पण निकाली निघाली. 2002 ला दुसऱ्या क्रमांकावर शिकागोत गेला, एक हंगाम खेळला, जून 2003 मध्ये मोटरसायकलचा अपघात झाला आणि एनबीएतला पुढचा सामना त्याच्या नशिबी आला नाही. तिथे खेळाचा न्याय करायला मी कोण? लाल खूण, शिक्का नाही. डॅनी मॅनिंग 26 सामन्यांत गुडघा गमावूनही पंधरा हंगाम खेळला. लाल खूण आणि ‘टिकला’. एड ओबॅनन दोन हंगामांत बाहेर. ‘सुटला’. या ओळी दुःखाच्या आहेत, पण स्पष्ट आहेत.

जिमरच्या ओळीत तसं काहीच नाही. 2010-11 च्या हंगामात ब्रिगहॅम यंग विद्यापीठाकडून सामन्याला 28.9 गुण, देशात सर्वाधिक. त्या जानेवारीत सॅन दिएगो स्टेटविरुद्ध 43, मार्चमध्ये न्यू मेक्सिकोविरुद्ध 52. ड्राफ्टमध्ये दहावा, मिलवॉकीने उचलून लगेच सॅक्रामेंटोला दिला. आणि तिथून पुढे तो हलतच राहिला: सॅक्रामेंटो, शिकागो, न्यू ऑर्लिन्स, न्यूयॉर्क. गुडघा शाबूत, नेम शाबूत. ‘सुटला’ म्हणून शिक्का मारायचा, तर नेमकं काय सुटलं हे मला लिहिता आलं पाहिजे.

म्हणून या महिन्यात दोन चित्रफिती समोरासमोर लावून पाहिल्या. एक सॅन दिएगो स्टेटचा सामना, दुसरी त्याच्या सॅक्रामेंटोतल्या पहिल्या हंगामाच्या तुकड्यांची. वहीत एका बाजूला ‘चेंडू हातात’, दुसऱ्या बाजूला ‘चेंडूशिवाय उभा’ अशा उभ्या रेघा मारत गेलो. कॉलेजच्या सामन्यात पहिली बाजू पान उलटून पुढे गेली. चेंडू अर्ध्या कोर्टावरून तोच आणतो, उंच साथीदार येऊन स्क्रीन लावतो (बचाव करणाऱ्याची वाट अंगाने अडवतो), जिमर तीन गुणांच्या रेषेच्या दोन पावलं मागूनच उठतो. खांदे सरळ होण्याआधीच चेंडू हातातून सुटलेला असतो. बचाव करणारा पुढे आला तर तो त्याच लयीत आत शिरतो. अख्खा संघ त्याच्याभोवती बांधलेला.

सॅक्रामेंटोत तो कोपऱ्यात उभा आहे. गुडघे वाकवलेले, हात छातीशी तयार, चेंडू दुसऱ्याच्या हातात. पास येतो तेव्हा एक थ्री (तीन गुणांचा फटका) मारतो, बहुतेकदा येतच नाही. तो हंगामही वाईट वेळी उगवला होता. मालक-खेळाडूंच्या वादामुळे 2011 चा हंगाम नाताळाला सुरू झाला, 66 सामन्यांचा झाला, नव्या पोरांना उन्हाळी लीग मिळालीच नाही. ज्या प्रशिक्षकाच्या हाताखाली तो आला ते पॉल वेस्टफाल सात सामन्यांत गेले. आणि त्याच ड्राफ्टमध्ये त्याच संघाने शेवटच्या, साठाव्या क्रमांकावर घेतलेल्या आयझेया थॉमसने चेंडू आणायचं काम स्वतःकडे घेतलं. थॉमस चेंडू घेऊन वेगाने आत घुसायचा, समोरच्या पॉइंट गार्डला (चेंडू आणणाऱ्या खेळाडूला) पायांनी रोखायचा. जिमरला दुसरं काम शिकायला वेळही नव्हता आणि बाकावर बसून ते शिकता येत नाही.

इथे मी जे. जे. रेडिकचं पान काढलं. तोही कॉलेजचा सर्वांत मोठा शूटर, ड्यूककडून 2,769 गुण, ड्राफ्टमध्ये अकरावा, पहिली दोन वर्षं ऑर्लँडोच्या बाकावर. क्रमांक सारखा, हत्यार सारखं. पण रेडिक पंधरा हंगाम खेळला. कारण कॉलेजातच त्याचं अर्धं काम चेंडूशिवायचं होतं. एका स्क्रीनमधून दुसऱ्या स्क्रीनमध्ये, साथीदाराच्या कमरेला खांदा घासत, चेंडू येईपर्यंत पाय थांबायचेच नाहीत. एनबीएत त्याने तेच काम जास्त वेगाने केलं. शेन बॅटिएचंही तसंच: ड्यूकमध्ये तो तारा होता, पण तारा झाला तो बचाव करून आणि आडवं पडून. मायामीच्या 2012 आणि 2013 च्या विजेत्या संघांत तो तेच करत होता.

यावरून नवा रकाना केला, ‘काम’. कॉलेजात रोज करायचा ते काम आणि व्यावसायिक संघाने दिलेलं काम, दोन्ही शब्दांत लिहायची, आकड्यांत नाही. 47 पैकी 31 ओळी भरून झाल्या. माझं मत आता पक्कं होत चाललंय की कॉलेजात माणूस किती मोठा होता याने फारसं ठरत नाही. मोठेपण काढून घेतल्यावर हातात कोणतं काम उरतं, त्याने ठरतं.

तरीही जिमरची ओळ निकाली निघत नाही, कारण गोष्ट न्यूयॉर्कला संपत नाही. 2016 ला तो शांघायला गेला. पहिल्याच हंगामात सामन्याला 37.6 गुण, तिथला सर्वोत्तम परदेशी खेळाडू. एका सामन्यात 73, पुढे 2018 मध्ये एकदा 75. चिनी चाहत्यांनी त्याला ‘एकाकी देव’ असं नाव दिलं. मग अथेन्समध्ये पानाथिनाइकोस क्लब. मग 3x3 (तिघांविरुद्ध तिघांचं) बास्केटबॉल: 2023 च्या विश्वचषकात अमेरिकेकडून रौप्य, 2024 ला पॅरिस ऑलिंपिक, तिथे दुखापत, आणि 2025 च्या एप्रिलमध्ये निवृत्ती. चौदा वर्षं हा माणूस बास्केटबॉलवर पोट भरत होता. त्याच्यापुढे ‘सुटला’ असं लिहायला माझा हात धजत नाही. आणि ‘टिकला’ लिहिलं तर रेडिकच्या पंधरा हंगामांवर अन्याय होतो.

तात्पुरता तोडगा म्हणून दोन शाया घेतल्या: एनबीएचे हंगाम निळ्या, बाकी सगळ्या लीग हिरव्या. पहिलं हिरवं पान वॉल्टर बेरीचं केलं. सेंट जॉन्सचा डावखुरा, 1986 चा विजेता, ड्राफ्टमध्ये चौदावा. निळ्या शाईत फक्त तीन हंगाम, माझ्या जुन्या हिशेबात ‘सुटला’. हिरव्या शाईत पान भरलं: इटली, स्पेन, आणि मग ग्रीसमध्ये तो देव झाला. 1994 चा कोराच चषक, युरोपातल्या क्लबांची स्पर्धा, त्याने थेस्सलोनिकीच्या पाओक क्लबला मिळवून दिला. बेरीचं पान हिरव्या शाईने भरताना जो आनंद झाला तो या वहीतला सगळ्यांत मोठा आहे. फ्रँक मेसनच्या पानावरही आता जी-लीगचा (एनबीएच्या दुय्यम लीगचा) 2020 चा एमव्हीपी हिरव्यात दिसतो.

हिरव्या शाईसाठी एका सशुल्क आकडे-सेवेचं वर्षाचं सदस्यत्व घेतलं, आणि त्याचा पश्चात्ताप आहे. युरोपचे 1990 च्या दशकातले सामने त्यात जवळजवळ नाहीतच, आणि आहेत तिथे मिनिटांचा रकाना कोरा. एनबीएपुरतं म्हणाल तर बास्केटबॉल-रेफरन्ससारखं फुकट आणि नीटनेटकं दुसरं काही मला सापडलेलं नाही.

आता पहाटे दोनचा रकाना. झोप येत नव्हती म्हणून 2006 पासून पुढच्या ओळींवर, ड्राफ्टला जाताना कॉलेजची किती वर्षं झाली होती, एवढंच लिहीत गेलो. चार वर्षं खेळून गेलेले: रेडिक 11, हॅन्सब्रो 13, फ्रेडेट 10, मॅक्डरमॉट 11, कमिन्स्की 9, हील्ड 6, मेसन 34, गार्झा 52, ईडी 9, आणि ऑस्कर चीब्वे, ज्याला कुणीच घेतलं नाही. दहा नावं, सर्वांत वरचा क्रमांक 6. पहिल्याच वर्षी पुरस्कार घेऊन गेलेले चौघे: ड्युरंट 2, डेव्हिस 1, झायन 1, फ्लॅग 1. मी पेन खाली ठेवलं.

मग मागे गेलो. सॅम्पसन, रॉबिन्सन, मॅनिंग, लॅरी जॉन्सन, डंकन, केनियन मार्टिन: सहाही जण चार वर्षं काढून पहिल्या क्रमांकावर गेले होते. मार्टिन 2000 चा, आणि त्यानंतर एनबीएत चार वर्षांचा कुणीही पहिला गेलेला नाही. 1995 ला गार्नेट, 1996 ला कोबी, 2003 ला लेब्रॉन शाळेतूनच थेट गेले. 2006 च्या ड्राफ्टपासून एकोणीस वर्षं वय आणि शाळेनंतर एक वर्ष असा नियम आला, आणि उत्तम पोरं एक वर्ष काढून निघू लागली. त्यामुळे 1997 मध्ये चार वर्षं म्हणजे तयार माल होता, 2011 पर्यंत चार वर्षं म्हणजे ‘याच्यात आणखी वाढ किती?’ असा संशय झाला. माझ्या वहीत इतके दिवस डंकन आणि जिमर एकाच पट्टीने मोजले जात होते, ती पट्टीच मधे बदलली होती. ब्रन्सन या संशयाचं सगळ्यांत गोड उत्तर आहे: व्हिलानोव्हात तीन वर्षं, दोन राष्ट्रीय विजेतेपदं, ड्राफ्टमध्ये 33 वा, आज न्यूयॉर्कचा कर्णधार.

हे लिहिता लिहिताच सुचलं की याची परीक्षा घ्यायला महिलांची यादी तयारच आहे. डब्ल्यूएनबीएत (महिलांच्या व्यावसायिक लीगमध्ये) अमेरिकन खेळाडूला त्या वर्षात 22 पूर्ण व्हावी लागतात किंवा कॉलेज पूर्ण करावं लागतं, म्हणजे लवकर पळता येत नाही. नोंद मधेच थांबवून यादी उतरवली. महिलांचा वुडन 2004 पासून आहे. अलाना बिअर्डपासून केटलिन क्लार्क आणि पेज बेकर्सपर्यंत व्यावसायिक झालेल्या 14 जणी. त्यातल्या 13 ड्राफ्टमध्ये पहिल्या! उरलेली बिअर्ड दुसरी, कारण त्या वर्षी समोर डायना टॉरासी होती. दहा जणींना रूकी ऑफ द इयर. एमव्हीपी पाच जणी: पार्कर, चार्ल्स, मूर, स्टुअर्ट आणि चार वेळा एजा विल्सन. चौदांत पाच, पुरुषांत सत्तेचाळीसात पाच. जुजू वॉटकिन्स अजून कॉलेजात आहे, तिचं पान कोरं ठेवलंय.

त्यामुळे बेत बदलला. पुढच्या नोंदीत गार्डांची उंची घेणार होतो, ती मागे टाकली. आधी 1977 ते 2005 च्या सगळ्या ओळींवर कॉलेजची वर्षं भरतो. बर्डची ओळ किचकट आहे, कारण बोस्टनने 1978 लाच त्याला सहावा घेऊन ठेवलं आणि तो आणखी एक वर्ष इंडियाना स्टेटला खेळला. रॉबिन्सनचीही, कारण 1987 च्या ड्राफ्टनंतर दोन वर्षं तो नौदलात होता. मग नवं रजिस्टर, फक्त महिलांचं. आणि 2021 च्या जुलैनंतरच्या नावांवर वेगळी खूण, कारण तेव्हापासून कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे घेता येतात आणि कॉलेजात थांबण्याचं गणितच पालटलं. त्याची सुरुवात 2009 साली ज्या खटल्याने झाली तो एड ओबॅननने गुदरला होता. दोन हंगामांचा, तेव्हा लास व्हेगासला गाड्या विकणारा ओबॅनन. त्याच्या ओळीवरचा ‘सुटला’ हा शिक्का मी आत्ताच खोडला.

जिमरच्या ओळीत सध्या ‘काम’ भरलंय, निळी आणि हिरवी शाई भरलीय, वर्षं चार. शिक्क्याची जागा मोकळी आहे. आणि एक विनंती: ग्रीक वाचता येणारं कुणी ओळखीचं असेल तर सांगा. बेरीच्या 1993-94 च्या हंगामाचे सामनावार गुण मला थेस्सलोनिकीच्या जुन्या वर्तमानपत्रांतून काढायचे आहेत.