तिसरा वर्कस्पेस, खाली उजवीकडे

तीन दिवस एकाच बगच्या मागे होते. काही मोजके व्यवहार दोनदा नोंदले जात होते आणि का, ते कळत नव्हतं. एकाच स्क्रीनवर आलटूनपालटून दिसणारे चार डेस्कटॉप, म्हणजे वर्कस्पेस: पहिल्यावर कोड, दुसऱ्यावर डेटाबेस, तिसऱ्यावर चार टर्मिनलांत चार सर्व्हरचे लॉग (घडामोडींच्या नोंदी), चौथ्यावर ब्राउझर. लिहून ठेवलेलं मात्र काहीच नाही. कुठली विंडो कुठे मांडली आहे, तीच माझी वही.

तिसऱ्या दिवशी दुपारी ओळ सापडली. एकच रिक्वेस्ट दोन सर्व्हरवर, मध्ये बरोबर 30 सेकंद. टाइमआउट, म्हणजे उत्तराची वाट बघणं संपलं, आणि मग रिट्राय, तीच रिक्वेस्ट पुन्हा! सहकाऱ्याला 'सापडलं, ये' असा मेसेज टाकला आणि त्याला नीट दिसावं म्हणून मोठा मॉनिटर जोडला. स्क्रीन काळी झाली. मग थेट लॉगिन.

कंपोझिटर, म्हणजे सगळ्या विंडो स्क्रीनवर मांडणारा प्रोग्रॅम, कोसळला होता. लिनक्सवरच्या जुन्या एक्स11 या डिस्प्ले व्यवस्थेत विंडो मॅनेजर हा इतरांसारखाच एक प्रोग्रॅम. तो पडला तरी विंडो जिवंत राहतात, त्याला परत उभं केलं की झालं. मी वापरते त्या नव्या वेलँडमध्ये मात्र कंपोझिटर हाच डिस्प्ले सर्व्हर, ॲप्सना स्क्रीनशी जोडणारा. तो गेला की बहुतेक ॲप्स त्याच्याबरोबर जातात.

ब्राउझरने इमानदारीत सगळे टॅब परत आणले, पण सगळ्या विंडो पहिल्याच वर्कस्पेसवर, एकीवर एक. वेलँडमध्ये विंडो कुठे बसवायची ते कंपोझिटर ठरवतो, ॲपला तो अधिकार नाही.

डेटाबेसच्या सर्व्हरवर सकाळपासून मायग्रेशन (डेटाची फेररचना) चालू होतं. त्याच्या नावाने पोटात गोळा आला. एसएसएचने दुरून सर्व्हरवर शिरले, तिथे चालू ठेवलेल्या टीमक्सला अटॅच झाले... आणि तीच स्क्रीन समोर, 71 टक्क्यांवरून 74 वर गेलेली. टीमक्समध्ये आपल्याला दिसतो तो नुसता क्लायंट. खरे शेल, म्हणजे कमांड चालवणारे प्रोग्रॅम, सर्व्हरवरच्या टीमक्सच्या प्रोसेसने धरून ठेवलेले असतात. ब्राउझरचं सेशन परत मांडलेलं, हे मुळात मोडलंच नव्हतं. नाव दोन्हींना एकच, सेशन.

लॉगच्या टर्मिनलांना मी हे कवच दिलंच नव्हतं. 'नुसतं बघायचं तर आहे' म्हणून थेट एसएसएच. टर्मिनल मेलं, जोडणी तुटली, पलीकडे लॉग चाळणारा फिल्टर बंद पडला, आणि टर्मिनलच्या मेमरीतला स्क्रोलबॅक, म्हणजे वर सरकून गेलेल्या ओळी, गेला. टीमक्ससारखंच काम करणारा जीएनयू स्क्रीन 1987 पासून आहे, तेव्हा सबब सांगायलाही जागा नव्हती.

"अगं, कुठल्या सर्व्हरवर होती ती ओळ? रिक्वेस्ट आयडी काय?"

"तिसरा वर्कस्पेस, खाली उजवीकडे."

तो बघतच राहिला. पण मला खरंच दुसरं काही सांगता येईना. त्या कोपऱ्यात कुठला सर्व्हर उघडला होता, तेसुद्धा नाही. झेरॉक्सच्या पार्क (PARC) या संशोधन केंद्रात हेंडरसन आणि कार्ड यांनी 1986 मध्ये 'रूम्स' मांडलं, एकेका कामाच्या विंडो एकेका खोलीत, तेव्हा अडचण छोट्या स्क्रीनची होती. माझं डोकंच त्या खोल्यांत राहायला गेलं होतं.

लॉगच्या फाइली सर्व्हरवर होत्याच. पुन्हा चाळल्या, या वेळी टीमक्समध्ये. दीड तास गेला. ओळ दिसताच सहकाऱ्याने आधी आयडी कागदावर उतरवून घेतला. मी टर्मिनल ओढत तिसऱ्या वर्कस्पेसवर खाली उजवीकडे नेलं आणि मगच वाचायला लागले.