आईची पाठ आणि दोन टाके
रात्री कूस बदलतानाही आई कळवळायची, आणि विश्रांतीनेही न थांबणारी ही पाठदुखी वयाची नसून मणक्यांमधल्या चकतीतल्या जंतुसंसर्गाची आहे, हे एमआरआय झाल्यावरच कळले. सर्जनांनी पाठीचे स्नायू हाडापासून सोडवण्याऐवजी जेमतेम 1 सेंटिमीटरच्या छेदातून दुर्बीण आत नेली, पू धुऊन काढला आणि चकतीचा तुकडा कल्चरसाठी, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीसाठी, पाठवला. मला तो तुकडाच सर्वांत मोलाचा वाटतो, कारण जंतू स्टॅफिलोकॉकस आहे की क्षयाचा, यावर पुढचे औषध ठरते: पहिल्यासाठी साधारण 6 आठवडे अँटिबायोटिक, क्षयासाठी कित्येक महिने गोळ्या. मणका ढासळला असेल, तर मात्र स्क्रू बसवावे लागू शकतात. पायांतली ताकद कमी झाली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर तासभरही थांबू नये.